लग्नासाठी ताजी फुलं, पण खिशाला झेपतील अशी. कशी निवडायची?

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि फुलांचं खातं घरच्यांनी माझ्या गळ्यात मारलंय. दोन डेकोरेटरांकडून आकडे मागवले, ते वाचून घरात कोणी काही बोलेचना. बहीण ताज्या फुलांवरच अडून बसलीये, कापडी-प्लास्टिकच्या फुलांचं नाव काढलं तरी तोंड फुगतं. मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग जमवलाय तिने, त्यातल्या निम्म्यांत पिओनी (ती मोठाली, गोल, भरगच्च पाकळ्यांची फुलं), उरलेल्यांत हायड्रेंजिया (लहान फुलांचे मोठे गोळे), आणि वर छतापासून लोंबणारे फुलांचे वेल. कार्यक्रम संध्याकाळचा, बंदिस्त हॉल, दीडशेच्या आसपास माणसं. तर कमी पैशात बरी दिसणारी फुलं कोणती, किती दिवस आधी आणायची, आणि हे घरच्या घरी जमण्यासारखं आहे का? जुने धागे चाळले पण तिथे 'छान दिसेल', 'शुभेच्छा' यापलीकडे काही नाही. जाणकारांनी जरा हात सैल सोडून लिहा ही विनंती.

कोरडीशाई:
पहिली गोष्ट म्हणजे ते फोटो दाखवून 'अस्सं हवं' म्हणणं बंद करायला सांग तिला. फुलाचं नाव घेऊन दुकानात गेलीस की तू अडकलीस. कायम स्वस्त असं फूल नसतंच, त्या आठवड्यात ज्याची आवक जास्त ते स्वस्त. पिओनीचा हंगाम वसंताच्या शेवटी जेमतेम काही आठवडे, बाकीच्या वेळी ती चिली, न्यूझीलंड अशा दुसऱ्या गोलार्धातून विमानाने येते, म्हणजे तू फुलाचे नाही, विमानाचे पैसे भरतेस. रंग सांग, आकार सांग आणि बजेट सांग. 'फिकट गुलाबी, गोल, भरगच्च' एवढं सांगितलंस की त्या वर्णनात बसणारी पाच-सहा फुलं निघतात.

नाकतोडा:
तारीख कुठली आहे ते सांगा आधी. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत असेल तर लाल गुलाबाचा विचारच सोडा, १४ तारखेच्या नादात भाव कुठल्या कुठे जातात. मदर्स डेच्या आसपासही तेच, तेव्हा कार्नेशनही चढतं.

पिंपळपान:
तारीख सुदैवाने या दोन्हीच्या जवळपास नाही. कोरडीशाई, पटतंय, पण भरगच्च गोल म्हणजे नक्की कोणती?

फुलवाली_मावशी:
अगं पोरी, फुलांच्या दुकानात उभं राहून माझे केस पांढरे झाले, तेव्हा जरा लांबलचक लिहिते, कंटाळू नकोस.

पिओनीच्या जागी कार्नेशन घे. नाक मुरडू नकोस, एकटं-दुकटं खोचलं की ते केविलवाणं दिसतं हे खरं, पण एकाच रंगाची आठ-दहा कार्नेशन देठ आखूड कापून, डोकी एकमेकांना चिकटवून घट्ट बांधली की लांबून कोणाला कळत नाही काय आहे ते, झालरीचा गोळा दिसतो नुसता. शिवाय पाण्यात नीट ठेवलं तर दोन आठवडे सहज काढतं, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री धाकधूक नाही. मोठ्या पाकळ्यांची शेवंतीसुद्धा असंच काम करते, ती तर कार्नेशनपेक्षाही टिकाऊ. आल्स्ट्रोमेरिया म्हणून येतं, एका देठावर पाच-सहा फुलं असतात, त्यामुळे एका जुडीत जागा भरपूर भरते, तेही आठवडा-दीड आठवडा राहतं. फांदीचा गुलाब, म्हणजे एका देठावर लहान लहान चार-पाच गुलाब येतात तो, आणि स्टॅटिस, जिप्सोफिला ही भरीची फुलं. स्टॅटिस वाळलं तरी रंग सोडत नाही.

आता गुलाब घ्यायचाच असेल तर पैसे कुठे वाचतात ते सांगते. गुलाबाचा भाव फुलाइतकाच दांडीवर ठरतो. चाळीस सेंटिमीटर, पन्नास, साठ, सत्तर अशी प्रतवारी असते आणि लांब दांडीला जास्त पैसे पडतात. टेबलावरच्या बुटक्या भांड्यात तू ती दांडी कापून अर्धी कचऱ्यात टाकणार, मग लांब दांडीचे पैसे कशाला मोजायचे? आखूड दांडीचाच माल माग. काही दुकानदार आखूड माल पुढे मांडतच नाहीत, विचारल्यावर आतून काढतात.

आणि गुलाब नुसता बघून घेऊ नकोस, बोटांनी तपास. फुलाच्या बुडाशी, पाकळ्या जिथे देठाला मिळतात तिथे, दोन बोटांत अलगद दाबायचं. टणक लागलं तर ताजा, मऊ फुसफुशीत लागलं तर बरेच दिवस कोल्ड स्टोरेजमध्ये काढून आलेला. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या हिरवट, चुरगळलेल्या, कडेला काळपट दिसतात त्यांना बघून परत ठेवू नकोस, त्या आतल्या फुलाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेल्या असतात, लग्नाच्या दिवशी बुडापासून हळूच ओढून काढायच्या. उलट बाहेरची एकही पाकळी नसलेला गुळगुळीत गुलाब कोणी स्वस्तात देऊ लागला तर समजायचं की सोलून सोलून त्याला तरुण केलाय. शेवंतीचं फूल बघायच्या आधी पान बघायचं, पान आधी पिवळं पडतं. मधला भाग हिरवट, घट्ट असेल तर अजून उमलायची आहे. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीवर परागांची पिवळी वर्तुळं जितकी जास्त तितकं ते जुनं. बाकी उद्या लिहीन, डोळे दुखायला लागले.

चष्मिस:
मावशी, प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय. सोललेल्या गुलाबाचं वाचून आमच्याकडच्या मागच्या समारंभातली 'स्पेशल ऑफर' आठवली, जेवणं उरकेपर्यंत माना टाकल्या होत्या सगळ्यांनी.

फोटोच्या बाजूने एक मुद्दा: संध्याकाळचा बंदिस्त हॉल आहे म्हणताय तर गर्द जांभळा, गडद निळा, मरून असल्या रंगांवर पैसे घालू नका. पिवळ्या मंद दिव्यात ते काळे दिसतात आणि फोटोत तर सरळ खड्डे पडल्यासारखे. पांढरा, मोतिया, फिकट गुलाबी, पीच, पिवळा हे रंग कमी उजेडातही उठून दिसतात. कमी फुलांत जास्त दिसायला हवं असेल तर रंगाची निवड फार मोठं काम करते.

हिशेबी:
सगळे फुलांच्या जातीवर घसरलेत म्हणून आकड्यांबद्दल लिहितो. डेकोरेटरचं कोटेशन फोडून मागा. फुलं किती, मजुरी किती, लोखंडी सांगाडा आणि भांड्यांचं भाडं किती, वाहतूक किती, रात्री उशिरा सगळं उतरवून न्यायचे किती. बऱ्याचदा फुलं हा आकड्याचा छोटा भाग निघतो. छतापासून लोंबणारे वेल हे तर मजुरीचंच प्रकरण आहे, शिडी लावून तासन् तास माणसं काम करतात, वर पाणी देता येत नाही म्हणून फुलं अगदी शेवटच्या क्षणी चढवावी लागतात, आणि चढवल्यावर बघणार कोण, लोक ताटाकडे बघतात. तो प्रकार काढून टाकलात तरी आकडा दणकन खाली येईल, फुलांची जात न बदलता.

दुसरं, दीडशे माणसं म्हणजे पंधरा ते अठरा टेबलं धरा. प्रत्येक टेबलावर मोठा गुच्छ म्हणजे तेवढे गुच्छ. त्याऐवजी दोन-तीन अरुंद तोंडाच्या बाटल्या, प्रत्येकीत एक नाहीतर दोन फुलं आणि एखादं पान. तीन बाटल्या वेगवेगळ्या उंचीच्या ठेवल्या की टेबल रिकामं वाटत नाही, समोरच्याचा चेहरा पण दिसतो. आणि विधी जिथे होणार तिथली फुलं नंतर मुख्य टेबलावर हलवा. हे काम कोणाचं ते आधीच ठरवा आणि त्याचं नाव लिहून ठेवा, नाहीतर ऐन वेळी सगळे फोटो काढत असतात.

रानवारा:
हिशेबींशी सहमत, पण एक सांगतो, 'हिरवळ घाला, स्वस्तात भागेल' हा सल्ला सगळे देतात तो दर वेळी खरा नसतो. युकॅलिप्टसची चांगली जुडी कधीकधी कार्नेशनच्या जुडीपेक्षा महाग पडते. हिरवं हवं असेल तर मोठी पानं बघा, पामचं पान, मॉन्स्टेरा, नेच्याची लांब पानं. एक पान चार फुलांची जागा व्यापतं. कुणाच्या बागेत असेल तर विचारून आणा, आदल्या दिवशी तोडून काही तास पाण्यात उभी ठेवा.

पिंपळपान:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बहिणीला कार्नेशनचं सांगितलं तर ती म्हणे 'ते हॉस्पिटलमध्ये भेटायला जाताना नेतात ते फूल'. मग मावशींनी सांगितल्याप्रमाणे एक जुडी आणून आखूड कापून बांधून दाखवली, न सांगता. 'हे कुठलं गं?' विचारत होती. आता जरा नरम आलीये, फक्त हायड्रेंजिया सोडायला तयार नाही. आणि पांढरी कार्नेशन निळी रंगवून मिळतात म्हणे?

फुलवाली_मावशी:
रंगवलेली फुलं अंगावरच्या कामाला नकोच. हातातला गुच्छ असो, हार असो की केसात माळायचं असो, घाम किंवा पाणी लागलं की रंग उतरतो आणि फिकट कपड्यावर डाग पडला की तो जात नाही. भांड्यात ठेवायला हरकत नाही.

हायड्रेंजिया हट्टी फूल आहे, एक गोळा अख्खं भांडं भरतो हे खरं, पण पाणी तुटलं की तासाभरात लोळागोळा. म्हणून ते फक्त पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, गुच्छात किंवा कमानीवर नाही. सुकल्यासारखं दिसलं तर घाबरू नकोस, देठ पुन्हा तिरका कापून अख्खं डोकंच गार पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेव, पाकळ्यांतूनही पाणी पितं ते, बऱ्याचदा उठून बसतं. मुख्य टेबलावर दोन-तीन गोळे घे, बहिणीचीही हौस भागेल.

कधी आणायची विचारलं होतंस. लिली कळीत असताना चार-पाच दिवस आधी, नाहीतर लग्नाला नुसत्या हिरव्या कळ्या. गुलाब दोन-तीन दिवस आधी, म्हणजे अर्धे उमलतात. कार्नेशन, शेवंती तीन-चार दिवस आधी चालतात. हायड्रेंजिया, जरबेरा आदल्या दिवशी. आणि लागतील त्यापेक्षा दहा टक्के जास्त घे, काही मोडतात, काही आतून सडलेली निघतात.

घुबड:
लिली घेणार असाल तर कळी उघडताच आतले तपकिरी परागकोश चिमटीने काढून टाका, पूड सुटायच्या आधी. कपड्यावर पडलीच पूड तर ओल्या फडक्याने पुसू नका, घासूही नका, चिकटपट्टीने टिपून घ्या. घरात मांजर असेल तर लिली घरात आणूच नका. पान, पराग, भांड्यातलं पाणी, कशानेही मांजराची किडनी निकामी होते, थोडंसं चाटलं तरी. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

पानगळ:
स्वतः करण्याबद्दल कोणीच स्पष्ट बोलत नाहीये म्हणून विचारते, जमतं का खरंच? मला वाटतं लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या बायकांनी बादल्या उपसत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळं घेऊन फोटोत उभं राहायचं, असली बचत काय कामाची.

कोरडीशाई:
पानगळ, फक्त बायकांनीच का? घरात भाऊ, काका, मित्र मंडळी आहेत ना, देठ कापायला काही विशेष डिग्री लागत नाही.

हिशेबी:
अर्ध अर्ध करा. टेबलावरच्या बाटल्या घरी, कारण तिथे चुकलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वधूच्या हातातलं, हार, कमान, म्हणजे ज्याचा फोटो जन्मभर राहणार आणि जे मधेच सुटलं तर तमाशा होणार, ते कसबी माणसाकडे. त्यालाही मोकळीक द्या: 'हा रंग, हे बजेट, फुलं त्या दिवशी चांगली मिळतील ती.' एखादं फूल मिळालं नाही तर बदली काय घालणार ते मात्र आधी लिहून घ्या.

पिंपळपान:
बाटल्यांचं आम्ही भावंडं करू, ठरलं. मग पाण्याचं काय? घरगुती काही उपाय? आई म्हणते तांब्याचं नाणं टाक, मामा म्हणतो ॲस्पिरिन, आत्या म्हणते नुसती साखर.

चष्मिस:
आत्यांना सांगा नुसती साखर टाकली तर फुलाआधी जंतू जेवतात, पाणी गढूळ होऊन देठाची नळी बंद. दुकानात फ्लॉवर फूडची पुडी मिळते, तिच्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक तिन्ही असतं, मोठ्या जुडीबरोबर बऱ्याचदा फुकट देतात, मागून घ्या. घरी करायचं तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे काही थेंब.

घुबड:
ब्लीच आणि लिंबू? क्लोरीन वायू सुटतो हो, असं बिनधास्त काय लिहिताय!

चष्मिस:
घट्ट ब्लीचमध्ये लिंबू पिळलं तर सुटतो, बरोबर आहे तुमचं. म्हणून आधी भरपूर पाणी, मग त्यात थेंब, खिडकी उघडी ठेवून. आणि धास्ती वाटत असेल तर पुडीच आणा, हाय काय अन् नाय काय.

फुलवाली_मावशी:
पुडीपेक्षा बादली महत्त्वाची. साबणाने घासून धुतलेली बादली, पाण्याखाली येणारी सगळी पानं ओरबाडून काढलेली, देठ धारदार सुरीने तिरके कापलेले, एवढं केलंत तर निम्मं काम झालं. जरबेऱ्याला मात्र चार बोटं पाणी पुरे, त्याचा देठ केसाळ असतो, खोल पाण्यात सडतो आणि मान मोडते.

रानवारा:
आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह आवरा. फळं असतात तिथे, पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि कार्नेशन त्याला फार हळवं, कळी उघडतच नाही, उघडलेलं फूल आत मिटून झोपी जातं. ऑर्किड, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं तर फ्रिजच्या गारठ्यानेच काळी पडतात. घरातली सर्वात गार, अंधारी, वारा न लागणारी खोली बघा, बस्स. फळांची टोपली तिथून हलवा.

नाकतोडा:
बाटल्यांना हरकत नाही पण मुख्य टेबलासाठी फुलांचे देठ खोचायचा तो हिरवा स्पंज लागेलच ना? कुठला घ्यावा?

रानवारा:
शक्यतो घेऊच नका. १९५४ पासून बाजारात असलेला तो फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा प्लास्टिकच आहे, कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तर २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी घातली. शिवाय एकदा वापरला की संपला, म्हणजे पैसेही वाया. भांड्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी उभी-आडवी लावून जाळी करा, त्या चौकोनांतून देठ सोडा, फुलं हवी तिथे उभी राहतात. मोठ्या भांड्यात कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगळून घाला, धुऊन पुन्हा वापरता येते.

पिंपळपान:
चिकटपट्टीचं आत्ताच करून बघितलं, भारीच. बहिणीला केकवर पण खरी फुलं हवीयेत. त्यातलीच चार ठेवली तर?

घुबड:
नको! दुकानातल्या फुलांवर फवारणी असते, ती खायच्या पदार्थाला लागायला नको. आणि हायड्रेंजिया, कण्हेर, लिली ऑफ द व्हॅली ही तर मुळातच विषारी. खाण्यासाठी म्हणून वेगळी वाढवलेली, फवारणी नसलेली फुलं मिळतात ती घ्या, थोडी महाग पडतील पण लागतात किती, मूठभर.

पानगळ:
वासाचं पण बघा हं. बंद हॉलमध्ये निशिगंध, लिली ढिगाने ठेवली की जेवताना डोकं उठतं, आमच्या एका नातेवाइकांना उठून बाहेर जावं लागलं होतं. जिप्सोफिलाचे नुसते ढग करायची फॅशन आहे ना, फोटोत स्वर्ग दिसतो, पण जास्त प्रमाणात त्याला कुबट वास येतो. जेवणाच्या टेबलावर तर नकोच.

पिंपळपान:
हे कोणीच सांगत नाही! शेवटचा प्रश्न: मुख्य टेबलामागे ग्लॅडिओलस उभे करायचेत, लांबच्या गाडीने आणायचेत, डिकीत आडवे टाकले तर चालतील ना?

फुलवाली_मावशी:
अजिबात नाही. ग्लॅडिओलस आडवा पडला की त्याचा शेंडा आपोआप वर वळायला लागतो आणि हॉलमध्ये पोचेपर्यंत सगळे हुकासारखे वाकडे, मग सरळ होत नाहीत. बादलीत उभे ठेवून, बादली मागच्या सीटखाली दोन विटांमध्ये अडकवून आणा. गुलाब आडवे आणले तरी चालतील, फक्त डबा बंद असेल तर वरून पाणी शिंपडू नका, ओल्या पाकळीवर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात आणि मग ते गुलाब सोलून सोलून शेवटी हातात देठच राहतो.